द्वीपांतरीचा शिंपला

शिरूर तालुक्यातले केंदूर वेळ नदीच्या खोऱ्यात वसले आहे. ही वेळ पुढे भीमेला मिळते, आणि भीमेच्या डोहांत व बंधाऱ्यांच्या काठी, उन्हाळ्यात पाणी ओसरून चिखल उघडा पडला की जे लांबट, काळपट-तपकिरी, आतून मोत्यासारखे झळकणारे शिंपले हाती लागतात, त्यांची ओळख देशावरच्या माणसाला वेगळी करून द्यावी लागत नाही. लॅमेलिडेन्स आणि पॅरेसिया या प्रजातींतले हे प्राणी गोड्या पाण्याचे कायमचे रहिवासी होत. त्यांचे डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेली बाल्यावस्थेतली पिले, माशांच्या कल्ल्यांना अथवा परांना चिकटून काही काळ परोपजीवी आयुष्य कंठतात आणि मग गळून तळाच्या गाळात स्थिरावतात. तेव्हा मासा जिथवर पोहेल तिथवरच या शिंपल्याचा वंश पसरणार, आणि डोंगराच्या पलीकडचे खोरे त्याला सहसा परकेच राहणार, हे ओघानेच आले. या प्रकरणात ज्या लहानशा शिंपल्याचा विचार करावयाचा आहे त्याचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. त्याचे डिंभ कोणत्याही माशाचा आश्रय न घेता खुल्या पाण्यात तरंगतात, वाढ झालेला प्राणी धाग्यांच्या जुडग्याने वाटेल त्या टणक वस्तूला जखडून राहतो, आणि ती वस्तू जर जहाजाचे बूड असेल तर पृथ्वीप्रदक्षिणेलाही त्याला अटकाव उरत नाही.

मायटिलॉप्सिस सॅली या नावाने भारतीय शास्त्रज्ञांना ठाऊक असलेला हा शिंपला १९६७च्या सुमारास विशाखापट्टणमच्या बंदरात प्रथम दृष्टीस पडला. तेथील गणपती आणि त्यांचे सहकारी यांनी १९७१ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्याची नोंद केली, आणि १९७५ साली करंदे व मेनन यांनी मुंबईच्या बंदरातून त्याचा दाखला देऊन भारतीय बंदरांत नव्याने येऊन राहिलेला परदेशस्थ असे त्याचे वर्णन केले. एरवी कोणाचे लक्षही जाऊ नये इतका हा जीव लहान आहे: पूर्ण वाढलेला शिंपला जेमतेम इंचभर भरतो. परंतु गोदीच्या भिंती, बोयांच्या साखळ्या, थंड पाणी आत घेणारे नळ आणि दीर्घकाळ नांगरून पडलेल्या जहाजांची बुडे यांवर तो एकमेकांच्या पाठीवर चढत असा काही थरावर थर रचतो की नळ बुजतात, जहाजाचा वेग मंदावतो आणि इंधनाचा खर्च वाढतो. मुंबईत या प्रश्नाचा अभ्यास नौदलाच्या रासायनिक व धातुविषयक प्रयोगशाळेत झाला यात म्हणूनच काही नवल नाही.

एखादा प्राणी परका आहे असे म्हणावयाचे तर आधी येथले कोण कोण आहेत याची मोजदाद झालेली असावी लागते, आणि या बाबतीत मुंबईचे दफ्तर सुदैवाने बरेच जुने आहे. अलेक्झांडर अबरक्रॉम्बी नावाच्या गृहस्थाने मुंबईच्या किनाऱ्यावर चिकाटीने गोळा केलेले शंख-शिंपले इंग्लंडात जेम्स कॉस्मो मेल्व्हिल यांच्याकडे गेले, आणि १८९३ साली त्या दोघांच्या नावाने मुंबईच्या सागरी मृदुकाय प्राण्यांची यादी छापली गेली. पुढे १९४९ साली सुब्रह्मण्यम, करंदीकर आणि मूर्ती यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात मुंबईच्या द्विपुट प्राण्यांचा, म्हणजे दोन शिंपांच्या जीवांचा, स्वतंत्र परामर्श घेतला. अशा याद्या वाचावयास रुक्ष वाटतात, त्यांची प्रशंसा कोणी करीत नाही आणि त्यांच्यासाठी अनुदानही सहजी मंजूर होत नाही. तथापि सत्तर-ऐंशी वर्षांनंतर एखादा आगंतुक गोदीच्या भिंतीवर दिसला म्हणजे त्याच्या आगमनाचा काळ ठरविण्यास याच याद्या कामी येतात, आणि ज्या बंदराची अशी यादी कधी झालीच नाही तेथे देशी कोण आणि विदेशी कोण हा वाद पिढ्यान् पिढ्या अनिर्णित राहतो.

आता प्रत्यक्ष शिंपला हातात घेऊ. बाहेरून तो टोकाशी निमुळता आणि मागे रुंदावत गेलेला असतो. दोन्ही शिंपा जुळवून पाहिल्या तर अंगठ्याच्या नखावर मावतील एवढ्याच. रंग मळकट तपकिरी किंवा काळसर असतो आणि कोवळ्या शिंपांवर गडद, नागमोडी पट्टे उठलेले दिसतात. या रूपात पाहणाऱ्याला चटकन आठवण होते ती मालवण-गोव्याकडच्या शिनाण्यांची. शिनाणे हिरवट आणि कितीतरी मोठे, पण ठेवण तीच: तेच टोक, तोच फुगीर पाठीचा उतार, आणि खडकाला धरून ठेवणारा तोच तंतूंचा गुच्छ. मुंबईच्या खडकांवर शिनाण्याच्याच कुलातील लहान जातीही आहेत, त्यांपैकी काहींचा आकारही याच्याइतकाच असतो. तेव्हा केवळ बाह्य रूपावर निवाडा करणारा मनुष्य या शिंपल्याला निःशंकपणे शिनाण्याच्या कुलात टाकील, आणि अठराव्या शतकातल्या मोठमोठ्या पंडितांनी त्याच्या भाऊबंदांना तसेच टाकलेही होते. पीटर सायमन पॅलास याने १७७१ साली कॅस्पियन समुद्राच्या बाजूच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या अशाच शिंपल्याला नाव दिले ते शिनाण्याच्या वर्गातले म्हणूनच. तो शिंपला पुढे १९८८ साली उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत आढळला आणि आज झीब्रा मसल या नावाने जगभर बदनाम आहे.

मग ओळख पटवावयाची कशी? प्राणी काढून टाकावा, शिंप मऊ कुंचल्याने धुऊन वाळवावी, आणि दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली तिच्या टोकाच्या आतल्या कोपऱ्यात पाहावे. तेथे एक बारीकशी आडवी पडदी दिसते, जणू कोनाड्यात फळी बसवावी तशी. या पडदीवर शिंपा मिटणाऱ्या दोन स्नायूंपैकी पुढचा स्नायू रुजलेला असतो. आणि पडदीच्या बाजूला, बिजागरीच्या अंगाने, तिच्यापासून किंचित खाली झुकलेला एक इवलासा त्रिकोणी अथवा वाटोळा उंचवटा असतो. चिकट तंतूंचा गुच्छ आत ओढून घेणारा पुढचा स्नायू त्यावर बसतो. झीब्रा मसलमध्ये हा उंचवटा नसतो, तेथे दोन्ही स्नायू पडदीवरच दाटीवाटीने राहतात. म्हणून पडदी आणि उंचवटा दोन्ही असतील तर मायटिलॉप्सिस, आणि पडदी असून उंचवटा नसेल तर झीब्रा मसलची प्रजाती ड्रेइसेना, असा या कुलातला साधा पण भरवशाचा निकष आहे. गाळाचा एखादा कण त्या कोपऱ्यात राहिला तरी उंचवटा झाकला जातो, आणि घाईने धुतलेल्या शिंपेवरून चुकीची प्रजाती लिहिली जाण्याचा संभव असतो. म्हणून धुण्याच्या या क्षुल्लक कामालाही वर्गीकरणशास्त्रात मान आहे.

येथे एक फसवी वाट आहे, तिच्यापासून वाचकाला सावध करणे अगत्याचे वाटते. पडदी दिसली की शिनाण्याचे कूळ नव्हे, असा नियम बांधला तर तो सेप्टिफर बायलॉक्युलॅरिस या जातीपाशी मोडतो. हिंदी महासागरात आणि पॅसिफिकमध्ये प्रवाळांच्या आश्रयाने सर्वदूर आढळणाऱ्या आणि लिनियसने १७५८ सालीच नाव दिलेल्या या शिंपल्याला टोकाशी स्वच्छ पडदी आहे, आणि तरीही तो निर्विवादपणे शिनाण्याचाच सगोत्र आहे. त्याचा पडताळा दुसऱ्या खुणांवरून घ्यावा लागतो. त्याच्या पाठीवर किरणांसारख्या बारीक रेघा असतात, शिंपेच्या आत निळसर मोतिया थर चमकतो, आणि पडदीशेजारचा तो झुकता उंचवटा त्याला मुळीच नसतो. उलट मायटिलॉप्सिसची शिंप आतून निस्तेज, पांढुरकी किंवा निळसर-करडी असते, तिच्यात मोतिया थर नावालाही नाही. बरे, मोतिया थर हेच नात्याचे प्रमाण मानावे तर भीमेतला शिंपला आणि मालवणचे शिनाणे सख्खे ठरतील, आणि तसे ते नाहीत. तो थर द्विपुटांच्या पुरातन पूर्वजांकडून चालत आलेला आहे, काही शाखांनी तो जपला आणि काहींनी सोडला. अर्थात कोणतीही एकच खूण साक्षीला घेऊन खटला निकालात काढता येत नाही. पाच-सहा स्वतंत्र खुणा एकाच बाजूला कौल देऊ लागल्या म्हणजे मगच नाते मान्य करावे.

आणि त्या खुणा कौल देतात तो असा की अचंबा वाटावा. मायटिलॉप्सिसच्या देहाचे आवरण खालच्या बाजूने बरेचसे शिवल्यासारखे जुळलेले असून पाणी आत घेण्याची व बाहेर सोडण्याची त्याची दोन स्पष्ट नळकांडी आहेत. शिनाण्याचे आवरण पुष्कळ अंशी मोकळे असते. शिंपेची घडण, मृदू अवयवांची ठेवण आणि अलीकडच्या रेणवीय अभ्यासातून दिसणारा जनुकक्रम या सर्वांचा रोख त्याला शिनाण्याच्या शाखेतून उचलून हेटेरोडोंटा या महाशाखेत बसविण्याकडे आहे, आणि याच महाशाखेत आपल्या किनाऱ्यावरच्या तिसऱ्या येतात. आधुनिक वर्गीकरणात त्याचा गण मायिडा, आणि त्याच गणात गलबतांचे लाकूड पोखरून शेकडो वर्षे दर्यावर्दी लोकांना हैराण करणारा टेरेडोही समाविष्ट आहे. शिनाण्याशी दिसणारे साम्य हे रक्ताचे नसून धंद्याचे होय. लाटांच्या आणि प्रवाहाच्या माऱ्यात टणक पृष्ठाला चिकटून जगावयाचे तर पुढचे टोक आखूड, मागचा भाग रुंद आणि बूड सपाट असणे सोयीचे, आणि ज्याने ज्याने हा व्यवसाय पत्करला त्याचा त्याचा आकार लाखो वर्षांत या एकाच साच्याकडे वळत गेला. वर्गीकरणाचे खरे काम असे साम्य बाजूला सारून वंशाचे साम्य शोधणे हे आहे, आणि हा इंचभर शिंपला त्याचे मला आढळलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

कूळ ठरले तरी नाव ठरत नाही. केंदूर येथे सापडलेला बदामीच्या चालुक्यांपैकी दुसरा कीर्तिवर्मा याचा शके ६७२चा ताम्रपट काशिनाथ बापूजी पाठक यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या नवव्या खंडात वाचून प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून चालुक्यांच्या वंशावळीविषयी वा युद्धांविषयी शंका आली की अभ्यासक त्या मूळ पत्र्यावरील अक्षरांकडे जातो, कारण मागाहून झालेल्या नकला, भाषांतरे आणि सारांश यांत कितीही विद्वत्ता असली तरी पुरावा पत्र्याचाच. प्राणिशास्त्रातही प्रत्येक जातीला असा एक मूळ नमुना असतो. ज्या शिंपेवरून नाव दिले गेले ती शिंप कोठल्यातरी संग्रहालयात जपून ठेवलेली असते, आणि नावाचा वाद अखेर तिच्याशी ताडूनच मिटवावा लागतो. सॅली हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ रेक्लूझ याने १८४९ साली मध्य अमेरिकेतील ग्वातेमालाच्या रिओ दुल्से नदीकडच्या शिंपल्यांना दिले. विशाखापट्टणमच्या पहिल्या नोंदीत त्याची प्रजाती काँजेरिया अशी लिहिली गेली होती. परंतु काँजेरिया ही प्रामुख्याने जीवाश्मांतून ज्ञात असलेली प्रजाती असून तिचा जिवंत अवशेष बाल्कन प्रदेशातल्या चुनखडीच्या गुहांत, काळोख्या भूमिगत पाण्यात राहतो, आणि बंदरांच्या भिंतींवर माजणाऱ्या आपल्या शिंपल्याशी त्याचे नाते इतके निकट नाही. म्हणून पुढे मायटिलॉप्सिस हे प्रजातीनाम रूढ झाले.

यापुढची तकरार मात्र दूरच्या बेटांवरची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेच्या लष्कराने पनामाच्या आखातातील पर्ल द्वीपसमूहापैकी सान होसे हे बेट विषारी वायूंच्या चाचण्यांसाठी ताब्यात घेतले होते, आणि त्याच सुमारास स्मिथसोनियन संस्थेच्या अभ्यासकांनी त्या बेटावरील पक्षी, मासे, मृदुकाय यांच्या याद्या केल्या. त्यांपैकी मृदुकायांचे काम मॉरिसन यांच्याकडे होते. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात गोड्या व निमखाऱ्या पाण्यातील एका लहान शिंपल्याला त्यांनी मायटिलॉप्सिस अ‍ॅडॅम्सी असे नाव दिले. तीनच वर्षांनी, १९४९ साली, कॅलिफोर्नियाच्या विज्ञान अकादमीतील हर्टलाइन आणि हॅना यांनी आणखी दोन नव्या जाती जाहीर केल्या: एक पनामा कालव्याच्या परिसरातली, झेटेकी, आणि दुसरी पॅसिफिकच्या मध्यात, अमेरिकेपासून हजारो मैलांवर असलेल्या फिजी बेटांवरची, अ‍ॅलिनियाना. फिजीच्या शिंपल्याला निराळी जात मानण्यामागे भूगोलाचाही हिस्सा असावा असे मला वाटते. इतक्या दूरच्या, एकाकी बेटावर आढळलेला प्राणी त्या बेटाचाच असणार असे गृहीत धरण्याकडे मनाचा ओढा सहज होतो. परंतु १९१४ साली खुला झालेला पनामा कालवा अटलांटिकचे आणि पॅसिफिकचे पाणी, निदान जहाजांच्या बुडांपुरते, एकमेकांना जोडून गेला होता. ब्रायन मॉर्टन यांनी विशाखापट्टणमच्या शिंपल्यांचे १९८१ साली सविस्तर विच्छेदन प्रसिद्ध केले, आणि फिजीचा शिंपला व भारतीय बंदरांतला शिंपला हे दोन्ही सॅलीच होत, म्हणजे फिजीचे नाव केवळ एक पर्यायनाम होय, असे मत मांडले. पुढे १९८३ साली मरेली आणि ग्रे यांनी अटलांटिककडच्या सॅलीची व तिच्या भगिनीजातीची शिंपांच्या आधारे नव्याने वर्णने केली.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते. पण २००८ साली दक्षिण थायलंडच्या किनाऱ्यावरील निमखाऱ्या पाण्यात सापडलेल्या शिंपल्यांना तेथील संशोधकांनी सॅली न म्हणता अ‍ॅडॅम्सी म्हटले. हा भेद केवळ अक्षरांचा नव्हे. सॅली असेल तर त्याचा मूळ मुलूख कॅरिबियन, अर्थात अटलांटिकच्या अंगाचा. अ‍ॅडॅम्सी असेल तर तो मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूचा, म्हणजे त्याला कालवा ओलांडण्याची गरजच पडली नसेल. एका नावाने प्रवासाची एक वाट सिद्ध होते आणि दुसऱ्याने दुसरी. आणि शिंपेवरून हा निवाडा करणे अत्यंत कठीण आहे, कारण हे प्राणी दाटीत वाढले की वाकडेतिकडे होतात, शेजाऱ्याच्या दाबाने त्यांची पाठ चपटते, पाण्याच्या खारेपणाप्रमाणे शिंपेची जाडी बदलते, आणि एकाच गुच्छात काळ्या शिंपांच्या शेजारी फिकट पट्ट्यांच्या शिंपा दिसतात. एका दगडावरचे शिंपले उचलून लांबी, उंची आणि रुंदी यांची प्रमाणे काढली तर त्यांतला फरक दोन स्वतंत्र जातींमधल्या फरकाएवढा भरू शकतो. म्हणून आज ज्या प्रयोगशाळांत या प्रजातीचा जनुकक्रम वाचला जातो तेथेही पहिला प्रश्न हाच असतो की ग्वातेमालाच्या आणि सान होसेच्या मूळ ठिकाणचे खात्रीचे नमुने तुलनेला उपलब्ध आहेत काय.

नावाची ही काथ्याकूट व्यवहारात कोणाच्या उपयोगाची, असा प्रश्न कोणी विचारील तर त्याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील डार्विन बंदरात सापडते. १९९९च्या मार्च महिन्यात तेथील कलन बे या नौका ठेवण्याच्या कुंडात हे पट्टेदार शिंपले आढळले. ते कोण आहेत हे तातडीने ओळखले गेले, म्हणूनच त्यांचे जगणे, वाढणे आणि पसरणे याविषयी विशाखापट्टणम आणि हाँगकाँग येथे जमलेली माहिती हाताशी आली. महिन्याभरात जननक्षम होणारा, जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राच्या पाण्याहूनही खारट पाण्यापर्यंत तग धरणारा हा जीव एकदा मोकळ्या समुद्रात शिरला की परत आवरणार नाही, हे जाणून अधिकाऱ्यांनी कुंडांचे दरवाजे बंद करविले, शेकडो नौका अडकवून ठेवल्या, आणि क्लोरीन व मोरचूद घालून आतील पाणी विषारी केले. त्यात शिंपल्यांबरोबर इतरही जीव प्राणास मुकले, ही गोष्ट लपविण्यासारखी नाही आणि ती वाचताना मनाला लागतेही; परंतु पसरलेल्या सागरी आगंतुकाचे समूळ उच्चाटन जगात फार थोड्या ठिकाणी साधले आहे, आणि डार्विन त्यांपैकी एक. मुंबईत व विशाखापट्टणमला तो शिंपला ओळखला जाईपर्यंत स्थायिक होऊन गेला होता.

मुंबईने या अनुभवानंतर निराळा धडा घेतला. जहाजे रिकामी असताना तोल सांभाळण्यासाठी जे पाणी टाक्यांत भरून घेतात त्यातून डिंभांची ने-आण होते, म्हणून २००० ते २००४ या काळात राबविल्या गेलेल्या ग्लोबॅलास्ट या आंतरराष्ट्रीय उपक्रमात मुंबई हे जगातील सहा निवडक बंदरांपैकी एक होते, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गोदीतल्या जीवांची पद्धतशीर पाहणी केली. अशा पाण्याच्या नियमनाचा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली संमत झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आला.

पुणे जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला या कामात हातभार लावावयाचा असेल तर समुद्रकाठी राहणेच आवश्यक आहे असे नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, आणि शिंपले ओळखण्याची विद्या भीमेच्या डोहातल्या शिंपल्यांवरच उत्तम शिकता येते. कोकणात वा मुंबईत गेल्यावर खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात, धक्क्याच्या खांबावर अथवा दोरखंडावर असा लहान शिंपला दिसला तर गुच्छातला एकच नग न घेता मोठे, लहान, काळे, पट्टेदार असे अनेक घ्यावेत. काहींच्या शिंपा स्वच्छ करून कोरड्या ठेवाव्यात, आणि उरलेले मांसासह शुद्ध अल्कोहोलात बुडवावेत. फॉर्मलिनमध्ये ठेवू नयेत, कारण त्यात ठेवलेल्या मांसातून जनुकक्रम वाचणे जवळजवळ अशक्य होते, आणि शिंपेवरून न सुटणारा सॅली-अ‍ॅडॅम्सीचा वाद नेमका त्या क्रमावरूनच सुटावयाचा आहे. बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी, शाई अल्कोहोलात विरघळते. आणि चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, भरती-ओहोटीची वेळ, पाण्याचा खारेपणा, आणि शिंपला कशाला चिकटलेला होता, हे सर्व लिहावे. जातीचे नाव अखेरीस लिहावे, खात्री नसेल तर प्रजातीपुरतेच लिहून पुढची जागा कोरी सोडावी.